बंदरावरचे वाचनालय आणि पश्चिमेची बाजू

वास्तुरचनेविषयीच्या या सदरात आम्ही सहसा घरांविषयीचे प्रश्न घेतो. या वेळी मात्र कोकणातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांचे पत्र आले आणि त्याच विषयाला धरून असलेली आधीची काही पत्रेही हाताशी होती. म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या गावात खाडीच्या मुखाशी जुने बंदर आहे. समोर धक्का, बाजूला जांभ्याची पडीक वखार आणि मागे बाजारपेठ अशी जागा आहे. तिथे वाचनालय आणि ३०० माणसांचे सभागृह असलेली एकमजली इमारत मंजूर झाली आहे. आराखड्यात खाडीकडची, म्हणजे पश्चिमेची, संपूर्ण दर्शनी बाजू काचेची आहे आणि इमारत पूर्णपणे वातानुकूलित आहे. ‘बंदराचा देखावा आतून दिसावा’ हे त्यामागचे कारण सांगितले जाते. आम्हाला हरकती व सूचना लेखी द्यायच्या आहेत, पण आमच्यापैकी कोणीही जाणकार नाही. नेमके काय विचारावे?

उत्तर : पश्चिमेच्या बाजूला सावली किती खोल धरली आहे आणि ती कोणत्या महिन्यातल्या किती वाजताच्या उन्हासाठी धरली आहे, एवढा एकच प्रश्न पहिल्यांदा विचारा. बाकीचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतील.

आपल्या किनाऱ्याची अडचण अशी की देखावा, वारा, ऊन आणि पाऊस हे चारही एकाच दिशेने येतात. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत सकाळचे दहा-अकरा वाजले की खारे वारे सुरू होतात आणि दुपारी त्यांचा जोर वाढतो. उकाड्यातून सुटका करणारी हीच एक गोष्ट आहे. पण त्याच बाजूने दुपारनंतरचे तिरके ऊन येते आणि जूनपासून त्याच बाजूने, थोडी दक्षिणेकडे कललेली, पावसाची झड येते. काच लावली की देखावा मिळतो, वारा बंद होतो आणि ऊन आत येते. म्हणजे चारांतले एक साधले आणि दोन बिघडले. साध्या पारदर्शक काचेतून तिच्यावर पडणाऱ्या उन्हातली साधारण चार पंचमांश उष्णता आत जाते. रंगीत किंवा लेप दिलेली काच हे प्रमाण बरेच कमी करते, पण मग खाडीही धुरकट दिसते आणि वारा तर बंदच राहतो.

हिशेब अवघड नाही, आणि तुमच्या पत्रात तो जरूर घाला. एप्रिलच्या मध्यावर, घड्याळात साडेचारच्या सुमारास, तुमच्या गावी सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला आणि क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर असतो. त्या वेळी सात फूट उंचीच्या काचेवर पूर्ण सावली पडायची असेल, तर तिच्या माथ्याशी असलेला छज्जा पावणेअकरा फूट बाहेर यावा लागतो. साडेपाचला सूर्य साडेअठरा अंशांपर्यंत उतरतो आणि हीच लांबी एकवीस फुटांवर जाते. आराखड्यात बहुधा दोन-अडीच फुटांचा छज्जा असेल. तो दक्षिणेच्या खिडकीला मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारी पुरेसा आहे, पण पश्चिमेला त्याचा उपयोग नाही. एकच छज्जा चारही बाजूंना फिरवलेला दिसला, तर दिशांचा विचार झालेला नाही असे खुशाल समजावे.

पावणेअकरा फूट म्हणजे छज्जा नव्हे, पडवी. खाडीकडच्या बाजूला बारा फूट रुंदीची, पागोळीची कड जमिनीपासून सातच फुटांवर आणणारी पडवी धरली आणि आतल्या खिडक्यांचे उंबरे तीन फुटांवर ठेवले, तर साडेचारचे ऊन भिंतीच्या पायथ्याशी संपते आणि साडेपाचचे उंबऱ्याखालच्या भिंतीवर. खोलीत त्यातले काही पोचत नाही. खिडक्या उघड्या ठेवता येतात, त्यामुळे वारा आत येतो. झड बारा फूट आत क्वचितच पोचते. देखावा तर पडवीत बसूनच अधिक चांगला दिसतो, आणि तिथे बसायला वाचनालयाचे सभासद असण्याचीही गरज नाही. माझ्या मते सार्वजनिक इमारतीच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे. बंदरावरची सर्वांत मोलाची जागा अशी काही न विचारता कोणालाही वापरता येते.

मुंबईत कंबाला हिलवर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही १९८३ मध्ये पूर्ण झालेली उंच निवासी इमारत आहे. तिथेही पेच हाच होता. समुद्राचा देखावा आणि वारा पश्चिमेला, तापदायक ऊन आणि पाऊसही पश्चिमेला. जुन्या बंगल्यांना भोवतीने व्हरांडा असे. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजली उंचीच्या, कोपऱ्यात खोल कोरलेल्या गच्च्यांच्या रूपाने वर नेला. गगनचुंबी इमारतीत जे करता आले, ते एकमजली वाचनालयात करायला काहीच हरकत नसावी.

काचेचे पुढे काय होते, हे मी किनाऱ्यावरच्याच एका कार्यालयात पाहिले आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. पश्चिमेची काच दहा फूट उंच. तिला आतून कर्मचाऱ्यांनी जुनी वर्तमानपत्रे खळीने चिकटवलेली होती, उन्हाने ती चहाच्या रंगाची झाली होती, आणि त्यात एका टेबलासमोर वहीच्या पानाएवढी फट कोणीतरी मुद्दाम ठेवली होती. पाहायला वाकलो तर तिच्यातून समुद्र दिसत होता.

आता आतल्या मांडणीविषयी. वारा नुसता आत येऊन भागत नाही, त्याला बाहेर पडायला वाट लागते. इमारतीची रुंदी छताच्या उंचीच्या पाचपटीपेक्षा जास्त असली तर वारा आरपार जात नाही, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. बारा फूट उंचीच्या दालनाला साठ फूट ही कमाल मर्यादा झाली, आणि चाळीस असेल तर उत्तमच. पूर्वेच्या, म्हणजे बाजाराकडच्या, भिंतीत पश्चिमेइतक्याच किंवा थोड्या मोठ्या खिडक्या हव्यात. वाचनकक्ष वायव्येला ठेवावा. सभागृहाला उजेड नकोच असतो, तेव्हा ते नैर्ऋत्येला ठेवून त्याच्या जाड, बिनखिडक्यांच्या भिंतींनी झड अंगावर घ्यावी. सभागृहाचे छप्पर केवळ पत्र्याचे ठेवू देऊ नका. श्रावणातल्या नाटकाचा दुसरा अंक कोणाला ऐकू येणार नाही.

एक गैरसमज आराखड्याबरोबरच्या टिपणात आढळण्याची शक्यता आहे, म्हणून सांगतो. ‘पारंपरिक जाड भिंती इमारत थंड ठेवतात’ हे देशावरच्या वाड्याबाबत खरे आहे, कारण तिथे दिवस तापतो आणि रात्र निवते, आणि रात्रीचा गारवा भिंत दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवते. किनाऱ्यावर दिवसरात्रीच्या तापमानातला फरक कमी, पावसाळ्यात तर अगदीच थोडा. भिंतीला राखून ठेवण्यासारखे फारसे काही मिळतच नाही. इथे सावली आणि वारा हीच मुख्य साधने, आणि पंखा. अंगावरून सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारी हवा दोन-तीन अंश गारवा झाल्यासारखी वाटते. जाड भिंत फक्त उन्हाच्या आणि झडीच्या बाजूला कामी येते.

प्रश्न : ऐतिहासिक परिसरात नवी इमारत बांधताना ती जुनी दिसावी असा आग्रह धरावा का? कमानी, कौले, लाकडी कठडे यांची सक्ती असावी, असे आमच्या मंडळातील अनेकांना वाटते. जुन्या घरांतल्यासारखी शिंपल्यांची तावदाने लावावीत का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तुम्ही पणजीचे, म्हणजे उत्तर तुमच्या दाराशीच आहे. कांपालला मांडवीच्या काठी १९७३ ते १९८३ या काळात कला अकादमी उभी राहिली. तिचेही वास्तुरचनाकार कोरियाच. तिच्यात पोर्तुगीज काळातल्या घरांची नक्कल कुठेही नाही. तरीही ती त्या नदीकाठाला परकी वाटली नाही, याचे पहिले कारण तिची उंची. झाडांच्या वर डोके न काढणारी, आडवी पसरलेली ती रचना आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रस्त्यावरून आत शिरताना दार ओलांडल्याची जाणीव होत नाही. वर मांडवासारखे छत, खाली मोकळी ओसरी, आणि चालत चालत माणूस नदीपर्यंत पोचतो. नाटकाला आलेला आणि नुसताच फिरायला आलेला, दोघांची वाट एकच. (जुनेपणाची हौस आतल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात भागवली आहे, तीही थट्टेने. तिथल्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत.)

तेव्हा सक्ती करायचीच तर ती दिसण्यापेक्षा मोजमापांची करावी. शेजारच्या जुन्या इमारतींची पागोळीची कड आणि आढे कोणत्या उंचीवर आहेत, जोत्याची रेषा कुठे आहे, बाजारातली कोणती गल्ली थेट धक्क्यावर उतरते आणि तिच्या तोंडाशी उभे राहिले की पाणी दिसते का, हे मोजून नोंदवावे आणि नव्या इमारतीने ते बिघडवू नये असे बंधन घालावे. कौले हवीत, पण नॉस्टॅल्जियासाठी नकोत. २५-३० अंशांच्या उतारावर बसलेले कौल पाणी झटकन टाकते, कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, आणि फुटले तर एकच बदलता येते. हे गुण दुसऱ्या कशात मिळत असतील तर तेही चालेल. काँक्रीटवर चिकटवलेल्या जांभ्याच्या पातळ चकत्या मात्र मला कुठेच सहन होत नाहीत, हे कबूल करतो.

शिंपल्यांच्या तावदानांविषयीही तुम्ही विचारले आहे. गोव्यातल्या जुन्या घरांतून लाकडी चौकटींत बसवलेले ते शिंपले उजेड आत घेतात, पण त्याची तिरीप मोडतात. आज तेवढे शिंपले मिळवणे योग्यही नाही. तेच काम दुधी काचेची लहान तावदाने आणि बाहेरून लाकडी झिलमिल करते.

प्रश्न : आमच्या भागात समुद्राजवळची सार्वजनिक इमारत पंधरा वर्षांतच गळायला लागते, स्लॅबचे पोपडे पडतात, सळ्या उघड्या पडतात. हे टाळता येते का? (एक निवृत्त ओव्हरसियर, रत्नागिरी)

उत्तर : येते, आणि कसे ते आपण माझ्याइतकेच जाणता. तरी इतर वाचकांसाठी सांगतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून दाब देऊन वरचे काँक्रीट फोडतो. म्हणून सळईवर काँक्रीटचे किती जाड आवरण आहे यावर सगळे अवलंबून असते. भारतीय मानक ४५६ च्या २००० च्या आवृत्तीत किनाऱ्यावरच्या बांधकामाला किमान एम-३० प्रतीचे (‘एम’पुढचा आकडा जितका मोठा तितके ते मजबूत) काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. जिथे लाटांचे तुषार उडतात तिथे एम-३५ आणि ५० मिलिमीटर, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या भागाला एम-४० आणि ७५ मिलिमीटर.

कागदावर हे आकडे नेहमीच बरोबर असतात. स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी जागेवर जाऊन सळ्यांखालचे कव्हर ब्लॉक, म्हणजे आवरणाची जाडी राखण्यासाठी सळ्या उचलून धरणारे ठोकळे, पाहावेत. ते सिमेंटचे, योग्य जाडीचे आणि जागच्या जागी आहेत की त्याऐवजी दगडाच्या खपल्या सारल्या आहेत, यावर पुढची पन्नास वर्षे ठरतात. समुद्राची वाळू कुठल्याही टप्प्यावर येऊ देऊ नये. सिमेंट निवडताना ‘सल्फेटरोधक’ या नावाला भुलू नये, कारण इथला मुख्य शत्रू क्लोराइड आहे आणि त्याच्यापुढे स्लॅगमिश्रित (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेले) सिमेंट अधिक टिकते.

जांभ्याच्या भिंतींचे वेगळे दुखणे आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत कठीण होत जातो, पण सच्छिद्र राहतो. जमिनीतली खारट ओल तो वर ओढतो. अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा केला की ओलीला बाहेर पडायची वाट उरत नाही आणि गिलाव्यामागे लोणा साठून तो फुगतो. जोते काळ्या दगडाचे, त्यावर ओल तोडणारा थर, वर चिरा आणि त्याला चुन्याचा गिलावा हा क्रम अजूनही सर्वांत भरवशाचा आहे.

प्रश्न : खिडक्या उघड्या ठेवण्याचे आपले मत नेहमीचे आहे. पण पावसाळ्यात वाचनालयातील पुस्तकांना बुरशी येते त्याचे काय? वातानुकूलनाला असा सरसकट विरोध व्यवहार्य आहे का? (एक ग्रंथपाल, पुणे)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि माझे म्हणणे मला दुरुस्त करून घ्यावे लागेल. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि कोकणात जुलैमध्ये ती ८५ टक्क्यांच्या पुढे असते. तेव्हा रोजच्या देवघेवीची पुस्तके हवेशीर कक्षात, भिंतीपासून चार बोटे सुटलेल्या उघड्या मांडण्यांवर ठेवावीत. जी हाताळली जातात ती टिकतात, हा आपलाही अनुभव असेलच. दुर्मीळ ग्रंथ, जुनी नियतकालिके आणि बंदराच्या जमाखर्चाच्या वह्यांसारखे दप्तर यांच्यासाठी इमारतीच्या मध्यभागी, बाहेरची एकही भिंत नसलेली, लहान घट्ट बंद खोली करावी आणि तिथे आर्द्रताशोषक यंत्र बारा महिने चालू ठेवावे. कपाटे बंद करून नुसते वातानुकूलन कार्यालयीन वेळेत चालवणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण यंत्र बंद झाल्यावर रात्री दमट हवा आत शिरते आणि थंड झालेल्या पुट्ठ्यांवर पाणी धरते. सभागृहाला प्रयोगापुरते वातानुकूलन असावे. ३०० माणसे दार लावून बसणार असतील तर दुसरा उपाय नाही.

प्रश्न : बंदरावरच्या इमारतीचे जोते किती उंच असावे? वादळांचा विचार कसा करावा? आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत अशी इमारत बसते का? (पहिल्याच कार्यवाहांचे पुरवणी पत्र)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचे उत्तर नकारार्थी आले तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे. २०११ च्या अधिसूचनेत भरतीचे पाणी येणाऱ्या खाडीच्या काठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियमनाखाली होता. २०१९ च्या अधिसूचनेत तो ५० मीटरवर आला. आधीच विकसित झालेल्या नागरी भागात नवे बांधकाम जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूलाच करता येते. तुमची जागा कोणत्या वर्गात दाखवली आहे, तो मंजूर नकाशा आणि त्यावरची भरतीरेषा नगरपरिषदेकडे लेखी मागा. जवळ केंद्र-संरक्षित किल्ला असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरसाठी वेगळी परवानगी लागते, हेही तपासा.

जोत्याची उंची माझ्यासारख्याने दुरून सांगू नये. धक्क्याच्या पायऱ्यांवर उधाणाच्या भरतीची खूण असते, आणि वादळात पाणी कुठवर आले ते बाजारातल्या जुन्या दुकानदारांना पायरीनिशी माहीत असते. त्या खुणेच्या वर किमान तीन फूट धरा. ही तीन फुटांची माती भरून इमारतीभोवती बंदिस्त भराव करू नये, कारण मग तेच पाणी बाजारात शिरते. पणजी आणि रायबंदर यांच्यामधल्या खाजणातून १६३०च्या दशकात बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा जांभ्याचा सेतुमार्ग अजून वापरात आहे. त्यात भरतीच्या पाण्याला ये-जा करायला कमानी ठेवल्या आहेत. तुमच्या पडवीचे जोतेही तसेच कमानींवर उचललेले असावे, आणि अपंगांसाठीचा उतार त्याच्या लांबीतच बसवता येतो.

वादळाविषयी एकच गोष्ट आवर्जून सांगतो, कारण पडवीचा सल्ला मीच दिला आहे. रुंद पडवीखाली वारा कोंडतो आणि छप्पर वर उचलतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीकडे छपरे मोठ्या प्रमाणावर उडाली ती सर्वांनी पाहिली. म्हणून पडवीचे छप्पर मुख्य छपराचाच लांबवलेला भाग नसावे. त्याचे वासे, खांब आणि बांधणी स्वतंत्र असावी, म्हणजे अघटित घडलेच तर पडवी जाते आणि पुस्तकांवरचे छप्पर राहते. खांबांचे पाय जोत्यात पोलादी पट्ट्यांनी जखडावेत, पट्ट्या जस्तलेपाच्या नव्हे तर गंजरोधक पोलादाच्या असाव्यात. कौले कडेच्या ओळींत तारेने बांधावीत.

राहता राहिले पावसाचे पाणी. तासाला १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ८०० चौरस मीटर छपरावरून सेकंदाला बावीस लिटर पाणी उतरते. ते भिंतीत दडवलेल्या नळांतून नेण्याचा मोह आराखड्यात असेल, तर तो काढायला लावा. दोन उतारांचे साधे छप्पर, मध्ये खोबणी नाही, पागोळ्या मोकळ्या पडतील अशी दगडी चर खाली, आणि चर टाकीकडे नेलेली, एवढे पुरेसे आहे. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे त्या छपरावर चोवीस लाख लिटर. स्वच्छतागृहांना लागणारे पाणी यातून सहज निघेल. फक्त पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी टाकीत घेऊ नका, त्यात आठ महिन्यांचे मीठ असते.